शोधून दिलेल्या वस्तू : दुसरीच्या वर्गातील एका प्रकरणाचा अभ्यास

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी सात वर्षांची एक मुलगी आहे. तिच्याविषयी लिहिताना मला तिच्याच वर्गातील आणखी दोन मुलांविषयी आणि वर्गशिक्षिका म्हणून मी घेतलेल्या एका निर्णयाविषयीही लिहावे लागेल, कारण त्या निर्णयावाचून हे सारे घडलेच नसते. मुलांची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. घटनाक्रम मात्र त्या काळात ठेवलेल्या माझ्या दैनंदिन नोंदींवरून, शक्य तितका जसाच्या तसा मांडला आहे.

पार्श्वभूमी

वर्गात ३४ मुले होती. वर्षाच्या सुरुवातीला मी भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे मदत, प्रामाणिकपणा, स्वच्छता आणि शिस्त असे चार रकाने होते. त्या त्या गुणाला शोभणारी कृती दिसली की मी त्या रकान्यात कागदी तारा चिकटवत असे, आणि दहा तारे झाले की शुक्रवारी सर्वांसमोर नाव वाचून प्रशस्तिपत्र देत असे. त्या आठवड्यात कोणाला किती तारे मिळाले याची चिठ्ठी दर शुक्रवारी घरी जाई. ही योजना मी मनापासून आखली होती. चांगले वागणे नजरेआड होऊ नये, ते कोणीतरी पाहिले आणि त्याचे कौतुक केले असे प्रत्येक मुलाला जाणवावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पहिल्या महिन्यात वर्गाचे रूप खरोखरच पालटले. सांडलेले कागद कोणी न सांगता उचलले जाऊ लागले, पडलेल्या मुलाला उठवायला चार हात पुढे येऊ लागले. ते पाहून मला समाधान वाटले, मात्र आपण नेमके काय मोजतो आहोत हे मी तेव्हा तपासून पाहिले नाही.

ही मुलगी नीटनेटकी, शांत आणि शिक्षकांच्या चेहऱ्याकडे सतत लक्ष ठेवणारी होती. तिचे तारे मुख्यतः स्वच्छतेचे होते. मदतीचे तारे चपळ मुलांना मिळत, कारण काही पडले किंवा सांडले की ती मुले आधी धावत. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तिचे नऊ तारे झाले आणि तिथेच ती जवळजवळ तीन आठवडे अडकून राहिली. याच काळात शुक्रवारी सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. वैद्यकीय तपासणीत काही आढळले नाही. तिच्या आईने हे मला कळवले तेव्हा मी ते नोंदवून ठेवले, पण दुखण्याचा वार कोणता आहे याकडे माझे लक्ष गेले नाही.

काय घडले

तिसऱ्या महिन्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या एका मुलाचे शार्पनर हरवले. मुलगा हळवा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आले. काही वेळातच या मुलीला ते शार्पनर पुस्तकांच्या कपाटामागे सापडले आणि मी तिला मदतीचा तारा दिला. बारा दिवसांनी त्याच मुलाची पट्टी हरवली आणि पुन्हा तिलाच सापडली. तिसऱ्या वेळी रंगखडूंची पेटी होती. चौथ्या वेळी मधल्या सुट्टीत एका मुलाने तिला खोडरबर कपाटामागे ठेवताना पाहिले आणि मला येऊन सांगितले.

दुसऱ्या घटनेनंतर मी वर्गाला ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सांगितली होती. ज्याने कोणी वस्तू लपवली असेल त्याला खोटेपणाचे फळ कळावे आणि त्याने आपणहून पुढे यावे, अशी माझी अपेक्षा होती. कोणी पुढे आले नाही. कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाविषयी मी नंतर वाचले. त्यात तीन ते सात वर्षांच्या मुलांना, एका खेळण्याकडे चोरून पाहण्याचा मोह होईल अशा परिस्थितीनंतर, वेगवेगळ्या गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. खोटे बोलणाऱ्याला शिक्षा होते अशा गोष्टी, आणि त्यांत लांडग्याची ही गोष्टही होती, खरेपणा वाढवण्यात ससा-कासवाच्या गोष्टीपेक्षा अधिक उपयोगी ठरल्या नाहीत. चूक कबूल करणाऱ्या मुलाच्या खरेपणाचे वडील कौतुक करतात अशी गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र अधिक प्रमाणात खरे सांगितले. माझ्या वर्गातही गोष्ट ऐकून मुले घाबरली होती. खरे सांगितल्यावर पुढे काय होते, हे त्या गोष्टीतून त्यांना कळण्याची सोयच नव्हती.

मुलीशी झालेले बोलणे

पाहणाऱ्या मुलाने सांगितल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो वर्गासमोर विचारण्याचा. तो मी टाळला, आणि आज मागे वळून पाहताना या प्रकरणात मी योग्य केलेली ती पहिली गोष्ट होती असे मला वाटते. जे आपल्याला आधीच माहीत आहे ते मुलाला प्रश्न म्हणून विचारणे म्हणजे त्याला खोटे बोलण्याची संधी देणे, आणि मग मूळ चुकीऐवजी त्या खोट्याचीच शिक्षा करणे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत चुकीला कठोर शिक्षा होत असे, दुसरीत होत नसे. मोह दोन्हीकडे सारखाच होता, परंतु कठोर शिक्षेच्या शाळेतील मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे अधिक सफाईने निभावूनही नेले. त्या शाळेला मुलांनी प्रामाणिक व्हावे असे वाटत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. शिक्षेतून मुले मात्र सफाई शिकली.

शाळा सुटल्यावर मी तिला शेजारी बसवून सांगितले, की खोडरबर तू कपाटामागे ठेवलेस हे मला माहीत आहे, मी रागावण्यासाठी बोलवलेले नाही, हे कसे झाले ते मला समजून घ्यायचे आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मी परत दिलं ना, बाई. सगळं परत दिलं.” मी त्याच मुलाच्या वस्तू का, असे विचारले. तिने लगेच उत्तर दिले, “तो लगेच तुम्हाला येऊन सांगतो.” त्यानंतर रडत रडत तिने जे सांगितले त्याचा सारांश असा, की आई दर शुक्रवारी चिठ्ठी पाहते, चिठ्ठीत मदतीच्या रकान्यापुढे शून्य असते, आणि वर्गात मदत करायला काही उरतच नाही, कारण सगळे आधीच कोणीतरी केलेले असते.

या तीन उत्तरांवर मी बराच विचार केला. ‘परत दिले’ या उत्तरात लबाडीपेक्षा वय अधिक बोलत होते. जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक निर्णयांविषयी लिहिताना दाखवले होते, की लहान मुले कृतीचे माप हेतूवरून घेण्याऐवजी परिणामावरून घेतात. चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा त्यांना, चोरून काही घेताना एकच कप फोडणाऱ्या मुलापेक्षा अधिक दोषी वाटतो. तिच्या हिशेबात वस्तू परत गेली होती, म्हणून नुकसान शून्य होते. मधल्या अर्ध्या तासात एक मूल रडले, ही बाब त्या हिशेबात शिरलेलीच नव्हती.

दुसरे आणि तिसरे उत्तर मात्र तिच्या वयापेक्षा माझ्या तक्त्याविषयी अधिक सांगत होते. मदतीला मी ताऱ्याची किंमत जोडली, तारे मोजून घरी पाठवले, आणि मग ज्या मुलीच्या वाट्याला मदतीची संधी येत नव्हती तिने ती संधी स्वतः तयार केली. तिने माझी योजना बारकाईने वाचली होती. तक्त्याला मदत हवी होती, आणि मदत होण्यासाठी आधी कोणाचे तरी काही हरवायला हवे होते. हा तर्क सात वर्षांच्या मुलीने एकटीने लावला याचे मला आधी आश्चर्य वाटले आणि नंतर वाईट वाटले.

ज्याच्यावर संशय आला तो मुलगा

आतापर्यंत मी ज्याचा उल्लेख केलेला नाही तो मुलगा या प्रकरणात सर्वांत जास्त सोसणारा होता, आणि त्याच्याकडे माझे लक्ष सर्वांत उशिरा गेले. तो खोडकर आणि मोठ्या आवाजाचा होता. पहिलीत असताना त्याने एकदा मित्राचे खेळणे घरी नेले होते आणि वर्ग ते विसरलेला नव्हता. पट्टी हरवली तेव्हा दोन-तीन मुले एकदम म्हणाली, “त्याचं दप्तर बघा.” आणि मी सर्वांसमोर त्याचे दप्तर पाहिले. त्यात काही नव्हते. मी “ठीक आहे” म्हणून पुढे गेले. त्याची क्षमा मागितली नाही, आणि वर्गालाही काही सांगितले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी त्याने कंपासपेटी आणणे बंद केले. रोज सकाळी तो माझ्याकडे पेन्सिल मागे आणि शाळा सुटताना ती परत करी. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात सहामाहीचा शेरा लिहिला होता : ‘निष्काळजी. साहित्य आणत नाही.’ मुलीचे बोलणे झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, की त्या दिवशी तुझे दप्तर पाहिले ती माझी चूक होती, आणि त्या वस्तू तू घेतल्या नव्हत्यास हे मला आता नक्की माहीत आहे. त्याने विचारले, “मग आता दप्तरात खोडरबर ठेवला तर चालेल?” तेव्हा मला कळले, की हा मुलगा निष्काळजी नव्हता. आपल्याजवळ जे सापडेल ते चोरीचे ठरेल, म्हणून तो रिकाम्या दप्तराने येत होता. आठ वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाने स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून दप्तर रिकामे ठेवावे, आणि त्याच्या शिक्षिकेने त्याला निष्काळजीपणा म्हणावे, याहून मोठी चूक माझ्या हातून या वर्षात झाली नाही.

मुलांच्या स्वास्थ्याविषयी बोलताना आपण बहुधा रडणाऱ्या किंवा पोट दुखणाऱ्या मुलाकडे पाहतो. दंगा करणाऱ्या मुलाचे दुखणे वागण्यात मिसळून जाते आणि त्याला शिस्तीच्या रकान्यात जागा मिळते. त्याच्या शिस्तीच्या रकान्यात तोवर दोनच तारे होते, हे मी नंतर पाहिले.

दुरुस्ती

मुलीला शिक्षा करायची नाही हे मी ठरवले होते, पण काहीच न करणे म्हणजे जणू काही घडलेच नाही असे सांगणे झाले असते. अपराधाची जाणीव आणि लाज यांत मानसशास्त्रज्ञ फरक करतात आणि तो इथे फार कामी आला. ‘मी वाईट केले’ ही जाणीव मुलाला भरपाईकडे नेते, तर ‘मी वाईट आहे’ ही लाज त्याला लपायला लावते. म्हणून मी तिला तिच्या स्वभावाविषयी एक शब्दही बोलले नाही. शार्पनर हरवले तेव्हा त्या मुलाला काय वाटले असेल, एवढेच तिला विचारले. ती म्हणाली, की त्याला वाटले असेल घरी रागावतील. यावर आम्ही थांबलो. दोन दिवसांनी तिने माझ्या उपस्थितीत त्याला सारे सांगितले. त्याने सहजपणे क्षमा केली नाही. माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावायचा नाही आणि माझ्या शेजारी बसायचे नाही, अशा दोन अटी त्याने घातल्या. मी दोन्ही मान्य केल्या. मुलांना एकमेकांचे हात हातात देऊन ‘आता मैत्री करा’ म्हणण्याची आपली सवय मोठ्यांच्या सोयीची आहे. ज्याचे नुकसान झाले त्याला किती वेळात विसरायचे हे ठरवण्याचा अधिकार असला पाहिजे.

खरा पेच वेगळा होता. संशय आलेल्या मुलावर वर्गासमोर ठपका बसला होता, तेव्हा तो वर्गासमोरच पुसला जाणे न्यायाचे होते. पण ते करताना मुलीचे नाव उघड झाले असते तर एका मुलाच्या कपाळावरचा शिक्का काढून तो दुसऱ्या मुलीच्या कपाळावर मारल्यासारखे झाले असते. बराच विचार करून मी मुलांना एवढेच सांगितले, की वस्तू कोणी स्वतःसाठी घेतलेल्या नव्हत्या, ज्याच्याकडून हे घडले त्याने मला सांगितले आहे आणि तो ते निस्तरतो आहे, आणि ज्याचे दप्तर मी पाहिले त्याचा याच्याशी काहीही संबंध नव्हता, त्याच्यावर संशय घेणे ही माझी चूक होती. शेवटचे वाक्य मी त्याच्याकडे पाहून म्हणाले. वर्ग शांत झाला. दोघा-तिघांना मुलीचे नाव कळले असावे, कारण पाहणारा मुलगा वर्गातच होता. तो नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, “तिला शिक्षा का नाही?” प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितले, की तिला जे करायला सांगितले आहे ते उभे राहण्याच्या शिक्षेपेक्षा अवघड आहे. त्याचे समाधान झाले नाही, आणि ते व्हावे म्हणून मी आणखी काही बोलले नाही.

तक्ता

तक्ता मी पुढच्या सोमवारी उतरवला. हे सोपे गेले नाही. एका मुलीने विचारले, “माझ्या अकरा ताऱ्यांचं काय?” त्या मुलीने ते तारे प्रामाणिकपणे मिळवले होते आणि मी ते एका रात्रीत निरर्थक करत होते. शेवटी ज्याचे त्याचे तारे मी पाकिटात घालून घरी दिले आणि सांगितले, की हे तुमचेच आहेत, फक्त यापुढे भिंतीवर मोजणी होणार नाही.

मुख्याध्यापिकांची शंका वेगळी होती. तक्त्याच्या जागी मुलांना एकमेकांविषयी बोलते करण्यात शिकवण्याचा वेळ जाईल असे त्यांना वाटत होते. जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय कार्यक्रमांचा, म्हणजे २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला होता. भावनिक आणि सामाजिक कौशल्ये पद्धतशीर शिकवलेली मुले अभ्यासातही इतरांपेक्षा सरासरी ११ शतमकांनी (पर्सेंटाइलने) पुढे होती. हा आढावा मी त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी संमती दिली.

पालकसभेत एका वडिलांनी अधिक मूलभूत प्रश्न विचारला : बक्षीसच नसेल तर मुले चांगली का वागतील? १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीच्या वयाच्या ५१ मुलांवर केलेला प्रयोग मी सांगितला. चित्र काढण्याची आवड असलेल्या ज्या मुलांना आधीच प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले होते, ती नंतर मोकळ्या वेळात इतर मुलांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. चित्र आणि सदाचार एक नव्हेत, असे त्या वडिलांनी म्हटले ते बरोबरच होते. पण फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या बाळांमध्ये थेट मदतीचीच वृत्ती तपासली. मदतीबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली ती बाळे, काहीच न मिळालेल्या किंवा फक्त शब्दांनी कौतुक झालेल्या बाळांपेक्षा, पुढे कमी वेळा मदतीला गेली. मूल मदतीची ओढ घेऊनच शाळेत येते. त्या ओढीला जागा देणे हे माझे काम होते, आणि मी तिला दर लावला होता.

तक्त्याच्या जागी मी फार काही आणले नाही. वर्गातील कामे आठवड्याच्या पाळीने वाटली, म्हणजे चपळ मुलांनी ती आधी उरकून टाकण्याचा प्रश्न उरला नाही. शुक्रवारी शेवटची वीस मिनिटे आम्ही गोल करून बसू लागलो आणि ‘या आठवड्यात मला कोणाची मदत झाली’ हे ज्याला वाटेल त्याने सांगायचे ठरवले. प्रश्नाची दिशा मुद्दाम उलटी ठेवली. मी काय चांगले केले हे सांगायला लावले असते तर तक्ताच दुसऱ्या रूपाने परत आला असता. पहिले तीन शुक्रवार कंटाळवाणे गेले, मुले एकमेकांची नक्कल करत ‘पेन्सिल दिली’ एवढेच सांगत होती. चौथ्या आठवड्यात संशय आलेल्या मुलाचे नाव प्रथमच कोणीतरी घेतले, कारण त्याने जिन्यावर पडलेल्या पहिलीतल्या मुलाला वर्गापर्यंत पोहोचवले होते आणि त्याविषयी तो स्वतः कोणाकडे बोलला नव्हता.

मुलीच्या आईशी दोनदा बोलणे झाले. त्या खूप दुखावल्या होत्या. “मी तर तिला फक्त किती तारे मिळाले एवढंच विचारत होते,” असे त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना सांगितले, की विचारायला लावणारी चिठ्ठी माझीच होती. मग घरी काय विचारू, असे त्यांनी विचारले. आज कोणाबरोबर खेळलीस, काय अवघड गेले, असे विचारून पाहा, आणि उत्तर आले नाही तर तेही चालेल, असे मी सुचवले.

पुढचे महिने

मुलीची शुक्रवारची पोटदुखी हळूहळू थांबली, पण पूर्ण थांबायला जवळजवळ दोन महिने लागले. मधल्या काळात तिने दोनदा आपण केलेले नसलेले काम केले म्हणून सांगितले. दोन्ही वेळा मी “खरं काय झालं ते पुन्हा सांग” एवढेच म्हणाले, आणि दोन्ही वेळा तिने सांगितले. प्रामाणिकपणा एकदा लावला की कायम राहणारा गुण नव्हे, हे ह्यू हार्ट्सहॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ मध्येच हजारो शालेय मुलांच्या अभ्यासातून दाखवले होते. एका प्रसंगी खरे वागणारे मूल दुसऱ्या प्रसंगी तसेच वागेल याचा फारसा भरवसा देता येत नाही, प्रसंगाच्या मांडणीवर बरेच काही अवलंबून असते. तिच्या त्या दोन चुका मी अपयश मानल्या नाहीत त्यामागे हे वाचनही होते. तिचा आणि शेजारच्या मुलाचा अबोला वर्षभर टिकला. पाहणारा मुलगा अजूनही तिच्या गटात बसायला नकार देतो.

वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तके लिहिताना मुलीच्या पानावर या घटनेचा उल्लेख मी केला नाही. पुढच्या वर्गशिक्षिकेने तिला याच प्रसंगावरून ओळखावे असे मला वाटत नव्हते. ‘चूक समजावून घेते आणि निस्तरते’ असे लिहिले, कारण ते मी पाहिले होते. संशय आलेल्या मुलाच्या पानावरचा सहामाहीचा शेरा मी खोडला, शेजारी सही केली आणि त्याखाली लिहिले, की तो शेरा चुकीचा होता. शेवटच्या आठवड्यापर्यंत तो कंपासपेटी आणू लागला होता, पण ती दप्तरात न ठेवता दिवसभर बाकावर, सर्वांना दिसेल अशी उघडी ठेवत होता.